उलाळ

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ग्रामीण कादंबरी शिकवताना आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) आली, की मी ठरल्याप्रमाणे यंत्रयुगाकडे वळतो. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, जनावरे एकेक करून जातात, नारबाचे जग रिकामे होते. हे सारे गेली वीस-बावीस वर्षे मी जवळजवळ त्याच शब्दांत सांगत आलो आहे. मागच्या डिसेंबरातही सकाळच्या पहिल्या तासिकेला तेच चालले होते. 'ट्रॅक्टर हे या कादंबरीतील परकेपणाचे प्रतीक आहे' असे वाक्य मी फळ्याकडे वळता वळता उच्चारले आणि मागच्या बाकावर डोके टेकून झोपलेला एक मुलगा उठून बसला.

"सर, ते ट्रॅक्टर ट्रॉली ओढत होतं का, नुसतं नांगरत होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि 'प्रतीकाला ट्रॉली नसते' असे काहीतरी चतुर बोलून पुढे गेलो. तासिका संपल्यावर मात्र त्याला थांबवून घेतले. रोज का झोपतोस, हे विचारायचे होते. तो म्हणाला, हंगाम चालू आहे, रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर जातो, नंबर लागून गाडी खाली होईपर्यंत पहाट होते, तिथून सरळ कॉलेजला. गाव कोणते विचारले. त्याने सांगितले ते माझेच गाव निघाले. हदगावपासून थोड्या अंतरावर, कयाधूच्या काठी. मग त्याने आजोबांची ओळख सांगितली. त्यानंतर मी त्याला आणखी काही विचारू शकलो नाही.

हे लिहायला घेतले ते त्या मुलाच्या प्रश्नामुळे. प्रश्न वाङ्मयीन दृष्ट्याही बरोबर होता, असे आता वाटते. आपल्या ग्रामीण साहित्यात ट्रॅक्टर आला तो शेतात आला. नांगरणारा, बैलांना हद्दपार करणारा, मालकाची ऐट दाखवणारा. माझ्या वाचनात तरी तो रस्त्यावर फारसा आलेला नाही. मराठवाड्यातल्या ट्रॅक्टरचे आयुष्य पाहावे तर त्यातला फार मोठा भाग ओढण्यात जातो. ऊस, कापूस, हळद, वाळू, विटा, मुरूम, लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू, पाण्याची टाकी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दुसऱ्या कलमात ट्रॅक्टरची जी व्याख्या आहे ती साहित्याच्या माणसाने एकदा तरी वाचावी अशी आहे: स्वतःच्या अंगावर ओझे वाहण्यासाठी ज्याची रचना केलेली नाही असे मोटार वाहन. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर हा मुळात ओझे न वाहणारा आहे. जे काही आहे ते त्याच्या मागे आहे. आणि माझी आजची सगळी गोष्ट या 'मागे'चीच आहे.

हदगाव ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. नांदेड जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा भाग. तुळजापूर-नागपूर महामार्ग गावावरून जातो. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ. इसापूर धरणाचे पाणी कालव्याने आले तशी काळ्या रानात ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी आणि हळद आली. ऊस आला म्हणून कारखान्यांची वाट आली. अलीकडे येळेगावचा भाऊराव चव्हाण कारखाना, पलीकडे पोफाळीचा वसंत. हिवाळ्यात संध्याकाळी महामार्गावर उभे राहिले तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग दिसते. दोन ट्रॉल्या एकामागे एक, त्यांत पंधरा-वीस टन ऊस, पुढे दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्या आवाजात गाणी. वीस टनांना स्वतःचा ब्रेक बहुधा नसतो. थांबवायचे काम पुढच्या दोन-अडीच टनांनी करायचे. हे गणित मी वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेने पाहत आलो, आणि त्यात भीतीदायक काही आहे असे मला एका विशिष्ट दिवसापर्यंत कधी वाटले नव्हते.

त्या दिवसाकडे जाण्याआधी शब्दांकडे जावे लागेल. माझी ही सवय जुनी आहे. अवघड जागी आलो की मी शब्दकोशात शिरतो.

आमच्या घरी एक सालगडी होते. सगळे गाव त्यांना मामा म्हणे, आम्हीही मामाच म्हणत असू. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत ते आमचे असायचे. हे 'आमचे' कसे होते ते पुढे येईलच. मामांनी पंचवीस-तीस वर्षे बैलगाडी हाकली होती. १९८९ साली काकांनी कर्ज काढून पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तेव्हा मामाच त्यावर बसले. गाडीवानाचा ड्रायव्हर झाला, पण भाषा गाडीवानाचीच राहिली. ट्रॉली जोडणे हे त्यांच्या लेखी 'जुंपणे' होते. ट्रॉलीच्या दांडीला ते 'धुरा' म्हणत. आमच्या भागात धुरा म्हणजे शेताचा बांधही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा कधी कधी गोंधळ व्हायचा. गाडी भरताना त्यांच्या तोंडी दोन शब्द सतत असत: 'धुरजड' आणि 'उलाळ'. ओझे पुढे जास्त झाले, बैलांच्या मानेवर जू दाबू लागले, की गाडी धुरजड. ओझे मागे जास्त झाले, जू वर उचलले जाऊन सापत्या बैलांच्या गळ्याला लागू लागल्या, की गाडी उलाळ. धुरजड गाडी बैलाला दमवते, उलाळ गाडी बैलाला फाशी देते, असे ते म्हणत. म्हणून भरताना गाडी किंचित धुरजड ठेवायची.

भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना इथे बरेच काही सापडेल. 'जू' हा संस्कृत 'युग'चा मुलगा. 'योग' हाही त्याच घरातला. 'धुरंधर' म्हणजे मुळात धुरा वाहणारा, बैल. पुढाऱ्यांच्या गौरवग्रंथात हा शब्द वाचताना मला नेहमी आमच्या गोठ्यातला पांढरा आठवतो. पण हे सगळे शब्द व्युत्पत्तीसाठी झालेले नाहीत. आसाच्या दोन बाजूंना ओझे कसे वाटायचे, तोल कुठे जातो आणि गेला की कोण मरते, याचे ज्ञान त्यांत साठवलेले आहे. मी ते ऐकत मोठा झालो आणि मला ते ज्ञान आहे असे कधी वाटले नाही. मला ते बोली वाटले. मी तेव्हा नांदेडला एम.ए. करत होतो आणि बोलीवर टिपणे काढत होतो.

जानेवारी १९९६. संक्रांत होऊन गेली होती आणि मी सुट्टीला गावी होतो. कालव्याचा पाट फुटून आमच्या उसाच्या फडाच्या तोंडाशी पाणी आले होते. काळ्या मातीत पाणी मुरले की ती वरून सुकलेली दिसते आणि आत लोणी असते. भरलेली दोनचाकी ट्रॉली त्या जागी आली आणि बसली. चाके आसापर्यंत गेली, दांडीचे तोंड खाली चिखलात रुतले. ट्रॅक्टर मागे-पुढे करून पाहिला, टायर जागीच फिरू लागले. टोळीचा मुकादम म्हणाला, अर्धा ऊस उतरवा. टोळीतल्या बाया दिवसभर मोळ्या वाहून थकल्या होत्या, अंधार पडत आला होता, कारखान्याची पावती त्याच तारखेची होती. काकांनी ऊस उतरवायला नकार दिला. मग मामांनी पिन काढून ट्रॅक्टर सोडवला, पुढे घट्ट जमिनीवर नेला आणि साखळी आणायला सांगितली.

साखळी कुठे बांधायची, यावर बोलणे झाले. मामा म्हणाले, खाली, हुकाला. ट्रॅक्टरच्या मागे, जमिनीपासून हात-सव्वा हातावर जो आडवा लोखंडी पट्टा असतो, त्याला. मी म्हणालो, वर बांधा. आसाच्या वर टॉप लिंकचा कान असतो, जवळजवळ कमरेच्या उंचीवर. त्यात साखळीचा आकडा छान बसत होता. माझे कारण तर्कशुद्ध होते. ट्रॉलीचे तोंड चिखलात आहे. खालून ओढले तर ते आणखी चिखलात घुसेल, वरून ओढले तर उचलले जाईल. शाळेत बलाचे घटक काढले होते. मी मातीत काडीने आकृतीसुद्धा काढून दाखवली.

मामा म्हणाले, "बापू, वर नगा बांधू. उलाळ हुईल."

मी म्हणालो, "मामा, उलाळ बैलगाडी होते. हे ट्रॅक्टर आहे."

काका काही बोलले नाहीत. त्यांचा पुतण्या शिकलेला होता. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिले, काकांकडे पाहिले आणि ते सीटवर जाऊन बसले.

पुढचे मला नीट दिसले नाही, कारण ते फार लवकर झाले. साखळी ताणली गेली, इंजिनाचा आवाज जड झाला, मागचे टायर जमिनीत रुतले आणि थांबले. मग पुढची दोन चाके वर आली. हळू वर आली असे वाटले, आणि मग अजिबात हळू नाही. ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या जनावरासारखा उभा राहिला आणि किंचित तिरका होऊन मागे पडला. मागे बांध होता. एका बाजूचे मडगार्ड बांधावर टेकले आणि तिथेच अडकले; त्यामुळे ट्रॅक्टर आणि जमीन यांच्यात हातभर फट राहिली. मामा त्या फटीत होते. डावा पाय नव्हता. म्हणजे होता, पण ट्रॅक्टरखाली होता. नांदेडच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली काढला. गावात म्हणत, धुऱ्यानं वाचवलं.

काय झाले ते मला कित्येक वर्षांनी समजले, आणि समजून घेतल्याशिवाय मी राहू शकलो नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर देतो. वाङ्मयाच्या वाचकांनी कंटाळू नये. ट्रॅक्टरचे इंजिन मागच्या आसाला पिळते. चाके फिरायला मोकळी असतील तर चाके फिरतात. चाके रुतून अडली तर तोच पीळ उलट्या बाजूने लागतो आणि आसाभोवती ट्रॅक्टरचे धड फिरू पाहते, नाक वर, पाठ खाली. त्याला धरून ठेवते ते फक्त पुढच्या भागाचे वजन. आमच्यासारख्या ट्रॅक्टरचे एकूण वजन अठराशे किलो धरले, तर त्यातले सातशेच्या आसपास पुढच्या चाकांवर असते. मागून ओढणारी साखळी जमिनीपासून जितक्या उंचीवर, तितके हे वजन ती पुढून काढून मागे टाकते. पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे आणि साखळीवर १४०० किलोंचा ताण आहे असे समजा. साखळी ४० सेंटिमीटरवर असेल तर पुढच्या चाकांवरचे २८० किलो कमी होतात. चारशेवर किलो शिल्लक राहतात, ट्रॅक्टर फार तर मागे दबतो. तीच साखळी एक मीटरवर बांधली तर कमी होतात सातशे. शिल्लक काहीच नाही. वरून मी ट्रॉलीचे तोंड उचलायला निघालो होतो. साखळीने ट्रॉलीला जितके वर ओढले तितकेच ट्रॅक्टरच्या पाठीला खाली ओढले. न्यूटन मला पाठ होता. पुढची चाके उचलल्यापासून परतीचा क्षण टळून जायला साधारण पाऊण सेकंद लागतो, आणि माणसाच्या मेंदूतून पायापर्यंत 'क्लच दाब' हा निरोप पोचायलाही जवळपास तेवढाच. मामांना दोष देता येईल अशी जागा या हिशेबात कुठेही नाही. मी शोधली होती.

हे दुर्दैव काही आमच्या बांधावरच घडलेले नाही. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ पासून मोठ्या संख्येने शेतात उतरला तेव्हा त्याची कीर्ती दोन गोष्टींसाठी झाली: स्वस्तपणा, आणि नांगर दगडाला अडला की मागे उलटून चालकाला चिरडणे. उत्तर आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने पुढे जी तीन सांध्यांची जोडणी बसवली, खाली दोन भुजा आणि वर एक, तिचे एक मोठे कारण हेच होते. नांगर अडला की वरची भुजा, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि नाक खाली दाबून धरते. आज आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर ही जोडणी घेऊन येतो. ट्रॅक्टर उलटू नये म्हणून ज्या कानाची योजना झाली, त्याच कानात मी साखळी अडकवली होती. अवजार जोडले तर तो कान वाचवतो, साखळी जोडली तर मारतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट सक्तीची केली आणि उलटण्यातले मृत्यू तिथे झपाट्याने घटले. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर डोक्यावर असते ते उन्हाचे छप्पर.

रुतलेल्या गाडीला काय करायचे, हे गावाला तेव्हाही माहीत होते. ओझे उतरवायचे. चाकांपुढची माती फावड्याने काढून उतार करायचा, खाली पाचट, तुराट्या, दगड घालायचे. ट्रॅक्टर स्वतः रुतला असेल तर आधी मागे घेऊन पाहायचा, कारण मागे जाताना नाक उचलत नाही. साखळी खाली, हुकालाच. आधी हळूच तिचा ढिलेपणा काढायचा आणि मग जोर द्यायचा, झटका कधीच नाही. साखळीच्या लांबीच्या आत कुणी उभे राहायचे नाही. तुटलेली साखळी माणूस ओळखत नाही. आणि फिरत्या टायरला लाकडाचा ओंडका बांधून बाहेर काढायची जी युक्ती अजूनही चालते, ती चाक पूर्ण अडवते, म्हणजे आमच्या बांधावर जे झाले तेच पुन्हा घडवते. ही यादी मी कुणाला शिकवायला देत नाही. यातले प्रत्येक वाक्य त्या संध्याकाळी फडाच्या तोंडाशी उपलब्ध होते, एवढेच मला नोंदवायचे आहे. मुकादमाजवळ एक होते, मामांजवळ एक होते. आमच्याकडे ऐकण्याची पद्धत नव्हती. सालगडी मालकाच्या पुतण्याला 'नगा' म्हणू शकतो. दोनदा म्हणू शकत नाही.

काकांनी दवाखान्याचा खर्च केला आणि दीड वर्ष साल चालू ठेवले. पुढच्या पाडव्याला ठेवले नाही. यावर मी काही बोललो नाही. मी नेट-सेटचा अभ्यास करत होतो.

आता व्याकरण. ही गोष्ट मी पुढच्या काळात अनेकांना सांगितली आहे: मित्रांना, बायकोला, एकदा एका चर्चासत्रात जेवणाच्या पंगतीत. सांगण्याचा साचा ठरून गेला होता. 'साखळी जरा वर बांधली गेली आणि ट्रॅक्टर उभा राहिला.' गावात तर याहून पुढे गेले होते. तिथे 'ट्रॅक्टर उलाळलं', एवढेच. साखळी वाक्यातून गळाली, ट्रॅक्टर कर्ता झाला. एके वर्षी प्रथम वर्षाला प्रयोग शिकवत असताना मी फळ्यावर सहज उदाहरण लिहिले, 'मी दोरी बांधली', आणि खाली लिहिले, कर्मणी. क्रियापद दोरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. बांधणारा पुरुष की स्त्री, याचा क्रियापदावर काही परिणाम होत नाही. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद असे कर्माच्या मागे जाते. म्हणजे केलेल्या गोष्टीची कबुली देताना आपली भाषा आधीच कर्त्याला अर्धा मोकळा करते. याला अपवाद असलेली क्रियापदे थोडी आहेत, जिथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याचे ऐकते. ती मी वर्गाला लिहून दिली: मी धडा शिकलो, मी पाणी प्यालो, मी ते विसरलो. लिहून झाल्यावर मी थोडा वेळ फळ्याकडेच पाहत उभा राहिलो. मुलांना वाटले, सर पुढचे उदाहरण आठवत आहेत.

अर्थात, दोष व्याकरणावर ढकलणे हीही एक पळवाटच. 'मी साखळी बांधली' या वाक्यात 'मी' आहे. तो प्रयोगाने काढलेला नाही. तो मी काढला.

मामा २०११ साली गेले. त्याआधी दोन-तीनदा भेट झाली. कुबडी बाजूला ठेवून ते पारावर बसलेले असत आणि 'बापू, कवा आलाव?' असे विचारत. त्या संध्याकाळचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला होता, मग त्याने कारखान्याकडून वाहतुकीची उचल घेऊन स्वतःचा जुना ट्रॅक्टर केला. आगाऊ पैशाला हा 'उचल' शब्द कुणी दिला असेल, याचाही मी एकदा शोध घेणार होतो.

आणि आता नातू माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपत होता. मी त्याला म्हणालो, एका रात्री मला बरोबर ने. त्याला आश्चर्य वाटले, पण तो नाही म्हणाला नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित नाही म्हणाला असता; मी त्याचे अंतर्गत गुण देणारा माणूस होतो. या बाबतीत माझी स्थिती १९९६ पेक्षा फार वेगळी नव्हती, हे मला रस्त्यात जाणवले.

फडात पोचलो तेव्हा ट्रॉल्या भरून झाल्या होत्या. निघण्याआधी त्याने बॅटरी घेऊन जे केले ते मी पाहत होतो. आधी पुढची पिन, मग दोन ट्रॉल्यांमधली पिन. दोन्हींत खालून आडवी खिळ आहे की नाही हे त्याने हात लावून पाहिले. पिनेच्या जोडीला जादा साखळी टाकली, की पिन निसटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये. मागच्या फळीवरचे लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकले होते ते पुसले. मग सीटवर बसून ब्रेकचे दोन पायटे एकमेकांना कडीने जोडले. शेतात वळण घेताना डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा लागतो. रस्त्यावर ते सुटे राहिले आणि एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि मागचे वीस टन सरळ येत राहतात. हे त्याने मला समजावून सांगितले, बरेचसे मी त्याला 'गोतावळा' समजावतो तशा स्वरात.

मी विचारले, "ट्रॉली भरताना काय बघतोस?"

"धुरजड ठेवायची, सर. थोडीच. पण मागची फार धुरजड झाली, की तिची दांडी पुढच्या ट्रॉलीच्या शेपटावर बसते. मग पुढची उलाळ होते. पुढची उलाळ झाली की आपलं मागलं टायर हलकं होतं. मग ब्रेक दाबा न्हाई तर नका दाबू."

हे त्याला कुणी शिकवले हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारले. आज्याने. पारावर बसून, काडेपेटीच्या दोन पेट्या आणि काडी घेऊन. डबल ट्रॉली मामांनी स्वतः कधी ओढली नव्हती. त्यांचा ट्रॅक्टर सुटला तेव्हा आमच्याकडे एकच ट्रॉली होती. बैलगाडीचे दोन शब्द घेऊन त्यांनी दुसऱ्या ट्रॉलीपर्यंतचा हिशेब बसल्या जागी पुरा केला होता.

मी मडगार्डवर बसलो होतो. बसू नये अशी ती जागा आहे. त्याने मला तसे सांगितलेही, आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाला. मी उतरलो. मागून त्याचा चुलतभाऊ मोटारसायकलवर येत होता, त्याच्या मागे बसलो. ट्रॉल्यांच्या बाजूने चालताना वाऱ्याबरोबर वाढ्यांचा ओला वास येत होता. महामार्गाला लागण्याआधी ओढ्याचा उतार आहे. उताराच्या अलीकडे ट्रॅक्टर थांबला. तो खाली उतरला, पुन्हा एकदा पिन पाहिली. मी जवळ गेलो. इंजिन चालू होते, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागत होते.

"तुझ्या आजोबांच्या ट्रॅक्टरला साखळी वर बांधली होती," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "मी बांधली होती."

त्याने बॅटरी विझवली. "म्हाईत हाय, सर. आज्या सांगायचा." मग थोड्या वेळाने, "पण तो म्हनायचा, बापूला काय कळत होतं. म्याच बसाय नव्हतं पायजे."

तो सीटवर चढला. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गियर काढून गाडी सोडणारे पुष्कळ आहेत. त्याने उतार लागण्याआधीच खालचा गियर टाकला, क्लचवरून पाय काढला, आणि इंजिनाच्या आवाजावर ती दोन भरलेली ओझी माणसाच्या चालीने खाली उतरू लागली. आम्ही मागे राहून लाल रिफ्लेक्टरवर उजेड धरला.

कारखान्यावर त्याच्या पुढे पन्नासेक गाड्या होत्या. वजनकाट्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. नंबर पहाटे लागला तेव्हा मी एस.टी.त होतो. पहिल्या तासिकेला तो आला आणि मागच्या बाकावर झोपला. मी 'गोतावळा'ची जिथे थांबलो होतो ती पाने उघडली.